पोतंभर म्हातारी

३ एप्रिल, सकाळी ७
आजपासून संशोधन. घरामागच्या सावरीची बोंडं फुटलीत. आतला कापूस पोरं ‘म्हातारी’ म्हणून फुंकून उडवतात. तंतू पोकळ, हलका, पाण्याला दाद न देणारा. मी त्याचं सूत काढणार. एकवीस वर्षं सूतगिरणीत होतो (स्टोअरमध्ये का होईना). निष्कर्ष पांढऱ्यावर काळं करून ठेवणार.

४ एप्रिल
पोतंभर जमा. बायकोच्या शिवणाच्या खोलीत ठेवलं. तिथे हॉटेलच्या वेटरांचे बारा काळे कोट चाललेत, शनिवारी द्यायचे. पहिलीच मोठी ऑर्डर, त्यामुळे फार टेन्शन घेते. पोतं इथे उघडलंत तर बघा, म्हणाली. विज्ञानाला विरोध घरातूनच होतो.

५ एप्रिल
पीळ बसत नाही. गिरणीतला जुना फिटर म्हणाला, हा तंतू गुळगुळीत, एकमेकांना धरत नाही, सगळ्यांना माहीत आहे. त्याचं-माझं कधी सूत जुळलंच नाही.

६ एप्रिल, दुपार
सूत रद्द. लाइफ जॅकेट! ती बनवणाऱ्या कंपनीच्या मॅनेजरला फोन केला. सांगितलं, घरी म्हातारी आहे, दोन तास बादलीत दाबून धरली, वर वीट ठेवली, तरी मेली बुडत नाही. त्याने हळू आवाजात पत्ता विचारला. इंटरेस्ट दिसतोय.

६ एप्रिल, संध्याकाळ
दोन पोलीस येऊन गेले. सासूबाईंना हजर करावं लागलं. कोरड्या आहेत याची खात्री करून गेले.

८ एप्रिल, शुक्रवार, ४ वाजता
बायको बटणं आणायला गेलीय. मशीनखाली तेल सांडलेलं. हा तंतू पाणी नाकारतो पण तेल पितो, असं वाचलं होतं. पोतं उघडून मूठभर टाकला. फरशी लख्ख! उकडत होतं. फॅन लावला.

८ एप्रिल, ४ वाजून ५ मिनिटं
पोतं बांधायचं राहिलं होतं. एकमेकांना न धरणारे तंतू कोटाला मात्र घट्ट धरतात. हे फिटरला माहीत नसणार.

९ एप्रिल
रात्रभर दोघींनी ब्रश मारला. मला हात लावू दिला नाही. हॉटेलवाल्याने कोट उन्हात धरून पाहिले. नऊ घेतले, तीन परत. पुढचे चाळीस दुसरीकडे देतो म्हणाला. बायको ओरडली नाही. एवढंच म्हणाली, म्हातारी उडाल्याचं दुःख नाही, पण नवरा सोकावतो. सासूबाई हसल्या. मला फार लाज वाटली.

१० एप्रिल
उरलेल्या कापसाची सासूबाईंनी उशी केली. मान दुखायची थांबली म्हणतात. उपयोग सापडला, पण त्यांना.
मी तीन कोट घेऊन बसलोय, ब्रश मारत. पांढऱ्यावर काळं करणार होतो. काळ्यावर पांढरं झालं, ते निघत नाही.