ट्रायपॉडला तेल लावू नये

मी, राजाराम केशव चांदोरकर, वय एकसष्ट, मूळ सांगलीचा, गेली एकोणतीस वर्षं अमेरिकेत आणि त्यातली पंधरा ओहायोतल्या डब्लिनच्या याच घरात राहणारा, निवृत्त सर्व्हेयर, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांनी दोनदा बजावलं आहे, म्हणून ही घाई. कुणाचा दबाव नाही. मालिनी जाऊन चार वर्षं झाली, आता या घरात दबाव आणायला कुणी उरलेलं नाही.

इंग्रजी मृत्युपत्र वकिलाने टाईप करून दिलं आहे. कुणाला काय, ते त्यात आहे. का, ते नाही. ते इथे लिहितो. दोन्हींत फरक निघाला तर कोर्टाने वकिलाचं ऐकावं आणि मुलांनी माझं.

१. घर मुलगा प्रसन्न आणि मुलगी दीपा यांना निम्मं निम्मं. एक पिस्कॅटवेला, दुसरी पार्सिपनीला, दोन्ही गावं इथून रात्रभराच्या वाटेवर. इथे राहायला दोघंही येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. खुशाल विका. फक्त स्वयंपाकघरातली कढीपत्त्याची कुंडी मालिनीच्या मैत्रिणीला, वसुधाताई नाडकर्णींना, द्या. थंडीत ती खिडकीपासून दूर सरकवावी लागते, आणि तुम्ही ते विसराल.

२. मालिनीचं शिवणयंत्र सूनबाई सुलेखाला. मुंबईहून बोटीने आणलेलं आहे, अजून कुरकुरत नाही. त्याच्या खणात एक तेलाची कुपी आहे, ती मात्र फेकून द्यावी. कारण पाचव्या कलमात येईल.

३. माझे मित्र विनय सबनीस यांच्यासाठी मी माझा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड ठेवतो. १९७६ साली दुकानात माझ्याशेजारी उभं राहून त्यांनीच तो मला घ्यायला लावला. "अरे यार, फोटोवाले हाच वापरतात, लाइट आहे, मधला दांडा वर होतो, आणखी काय पाहिजे?" मधला दांडा वर होतो हे खरं. वर झाला की वाऱ्यात डुलतो हेही खरं. वायोमिंगच्या वाऱ्यात त्यावर दुर्बीण ठेवून मी एक अख्खी सकाळ एका झुडपाला हरीण समजत होतो. विनयरावांनी तो दिवाणखान्यात ठेवावा आणि पाहुण्यांना सल्ला देण्याआधी एकदा त्याच्याकडे बघावं.

४. शेजारी वॉल्टर हेन्ड्रिक्स यांना काहीही नाही. त्याचं कारण राग नव्हे. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाला (वसुधाताईंची कुंडी तो मोजत नाही), आणि मला साक्षीला वॉल्टच हवा. म्हणून दुर्बीण काल संध्याकाळीच त्याच्या हातात दिली. त्याने थँक्स म्हटलं नाही, नाक शिंकरलं. ते पुरे.

५. आता मुख्य गोष्ट, लाकडी ट्रायपॉड.

हा कसा जमला ते आधी सांगतो. वॉल्ट शिकारी. मी मांसाला हात न लावणारा, आणि बंदुकीलाही. पण सर्व्हेयरची नजर फुकट कशाला घालवायची, म्हणून दर ऑक्टोबरला त्याच्या ट्रकमधून दोन दिवस प्रवास करून मी वायोमिंगला जायचो. मी शोधणार, तो मारणार, असा करार. मालिनी म्हणायची, "म्हणजे पापही निम्मं निम्मं का हो?" मी म्हणायचो, "नाही, मी फक्त पाहतो." या वाक्याचा मला फार अभिमान होता.

आणि पाहण्यात सुख होतं, हे आज उघड कबूल करतो. पहाटे डब्यातला चहा, मालिनीने दिलेल्या दशम्या, समोर डोंगर. हातात धरलेल्या दुर्बिणीतून डोंगर दिसतो. ट्रायपॉडवरच्या दुर्बिणीतून तीनशे यार्डांवर हरणाने झटकलेला कान दिसतो. डोंगराच्या आडव्या पट्ट्या करायच्या आणि एकेक पट्टी शांतपणे डावीकडून उजवीकडे वाचत जायची. त्या सकाळी आता परत यायच्या नाहीत, आणि त्यांची मला जितकी आठवण येते तितकी सांगलीचीही येत नाही.

वॉल्टचं म्हणणं, आधी पाय निवडावेत, मग डोकं, म्हणजे वर दुर्बीण धरणारं हेड. पाय मी ऑफिसने मोडीत काढलेल्या सर्व्हेच्या ट्रायपॉडचे घेतले. ॲश नावाच्या झाडाचं चिवट लाकूड, टोकाला लोखंडी अणी. उभं राहायची हाव सोडून बसण्याच्या उंचीइतके कापले. मधला दांडा नाहीच. खांद्यावर जड होतात, पण तिन्ही पाय फाकवून रोवले की वारा काय करणार?

डोक्यावर मात्र आमचा वाद झाला. वॉल्ट म्हणाला, पाहण्यासाठी दांड्याचं, सावकाश फिरणारं हेड घे, रायफलसाठी वेगळं. मला एका दगडात दोन पक्षी हवे होते, कारण तोवर दीपा आमच्याबरोबर येऊ लागली होती. वॉल्टकाकाने तिला नेम धरायला शिकवलं होतं आणि पोरीचा हात दगडासारखा स्थिर होता. म्हणून मी बॉल हेड घेतलं. खोबणीत एक गोळा, बाजूला एक स्क्रू. सैल केला की कुठेही वळतो, आवळला की थांबतो. वॉल्टने अक्रोडाच्या लाकडाचं बेचकं करून त्याला आतून चामडं लावलं. दुर्बीण काढायची, बेचकं बसवायचं, त्यात रायफल टेकवायची. तीन वर्षं हे झकास चाललं.

१९८१ चा दसरा आठ ऑक्टोबरला होता. सांगलीत वडील करत तशी मी इथेही हत्यारांची पूजा करतो. करवत, पाने, लेव्हल, शिवणयंत्र, सगळं पुसायचं, तेलाचा थेंब द्यायचा, हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्या वर्षी ट्रायपॉडही पाटावर होता. मी मालिनीच्या कुपीतलं तेल बॉल हेडच्या गोळ्यावर सोडलं. दोन थेंब. फिरवून पाहिलं, लोण्यासारखं फिरलं. मला वाटलं, वा!

घट्ट धरून ठेवणं हेच ज्या गोळ्याचं काम, त्याला तेल पाजलं. जन्मभर उपकरणं वापरलेल्या माणसाने. पण दसऱ्याला हातात कुपी असली की माणूस विचार करत नाही, वडिलांसारखा हात फिरवत जातो.

पुढच्या आठवड्यात वायोमिंग. हरीण मीच शोधलं. दुर्बीण हलकी, ती त्या गोळ्याने धरली. रायफल जड. दीपाने श्वास सोडला, चाप ओढला, आणि गोळी खाली लागली, पोटात. हरीण पळालं. आम्ही चार तास रक्ताच्या थेंबांमागे चाललो, मग खडक लागले आणि थेंब संपले. जनावर जखमी करून हरवणं याहून मोठी लाज वॉल्टच्या लेखी नाही. त्याने रायफल रिकामी केली. मी बोललो. त्याच्यादेखत म्हणालो, "तुझा हात हलला. घाई नडली."

दीपा फक्त "ओके, बाबा" म्हणाली. परतीचे दोन दिवस ती मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली. रायफल वॉल्टच्या कपाटात ठेवली ती आजवर तिथेच आहे. त्यानंतर दीपा एकाही दसऱ्याला घरी आलेली नाही. हॉस्पिटलात लोकांचे एक्स-रे काढते, रविवारी फोन करते, हवा कशी आहे ते विचारते.

पुढच्या वसंतात मी त्याच हेडवर वॉल्टची जड टेलिस्कोप बसवली. स्क्रू करकचून आवळला होता. तरी ती माझ्यासमोर हळूहळू मान खाली घालत गेली. मी हेड उघडलं. गोळ्याला शिवणयंत्राच्या तेलाचा वास येत होता.

मी स्पिरिटने पुसून टाकलं आणि कुणाला सांगितलं नाही. मालिनीलाही नाही. ती मरेपर्यंत म्हणत होती, "पोरीशी एकदा नीट बोला हो." मी म्हणायचो, बोलतो. साडेसहा वर्षं झाली. मी भेकड निघालो, याला दुसरा शब्द नाही.

म्हणून हा ट्रायपॉड, हेड आणि बेचकं दीपाला. सोबत हे कलम वाचून दाखवावं, म्हणजे तिला कळेल की तिचा हात हलला नव्हता.

साक्षीदार: वॉल्टर हेन्ड्रिक्स (मराठी येत नाही, मजकूर इंग्रजीत सांगितला, पाचव्या कलमाला उठून खिडकीपाशी गेला)
वसुधा नाडकर्णी
सही: रा. के. चांदोरकर
डब्लिन, ओहायो. ११ सप्टेंबर १९८८.

पुरवणी

वरच्या सह्या झाल्यावर वसुधाताईंनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "राजाभाऊ, हे तिला तुम्ही गेल्यावर कळणार? मग तिने भांडायचं कुणाशी?"

त्याच दिवशी मी दीपाला फोन लावला. तेल, गोळा, स्पिरिट, सगळं सांगितलं. मग दीपा म्हणाली, "सेव्हन इयर्स, बाबा. सेव्हन इयर्स मला वाटत होतं की माझ्यामुळे ते हरीण तसं मेलं." आणि तिने फोन ठेवला. पुढचे पाच रविवार फोन आला नाही. हवा कशी आहे, हे कुणी विचारलं नाही.

आज दसरा. सकाळी मी हत्यारं पाटावर मांडत होतो. दारावरची घंटा वाजली. दीपा होती. रात्रभर ड्राइव्ह करून आली होती. आत आली, स्वयंपाकघरात फरशीवर बसली, ट्रायपॉडचं हेड उघडलं, गोळा कोरड्या फडक्याने पुसला, पुन्हा बसवला. माझ्या हातातली कुपी घेऊन कचऱ्यात टाकली. गोळ्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

मग उजवा हात माझ्यासमोर सरळ धरला, बोटं पसरून.

"बघ बाबा. नीट बघ. हलतोय?"

मी पाहिला. जन्मभर पाहण्याचंच काम केलं, पण इतकं नीट काही पाहिलं नव्हतं. हलत नव्हता.

सबब, कलम पाच रद्द. ट्रायपॉड आता माझ्या मालकीचा नाही, ती उद्या घेऊन जाते आहे. जाताना वॉल्टचं कपाट उघडायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. कलम दोनमधली कुपी आता नाही. बाकी सर्व कायम.

साक्षीदार: वॉल्टर हेन्ड्रिक्स, वसुधा नाडकर्णी (दोघंही दसऱ्याच्या जेवणाला आले असता)
डब्लिन, ओहायो. २० ऑक्टोबर १९८८.
सही: रा. के. चांदोरकर

(ही सही वरच्या सहीशी जुळत नाही, तरी ती माझीच समजावी. माझा हात हलला.)