आयझादा मला आपा म्हणते

ओश, ८ सप्टेंबर १९९७

माझ्या आईस मोहिराचा अदबीने सलाम.

तू पाठवलेले जर्दाळू, मनुका आणि रेशमी कापड काल पोचलं. पार्सल सोडवायला बारा सोम पडले, तेव्हा एवढं पाठवत जाऊ नकोस. अल्लाच्या मेहेरबानीने आम्ही खुशाल आहोत.

आयझादा परवा नर्सिंग शिकायला बिश्केकला गेली. सहा वर्षं ती मला 'आपा' म्हणते. आपल्या उझबेकीत आपा म्हणजे थोरली बहीण, तिच्या किरगिझमध्ये आई. 'तू कोणत्या अर्थाने म्हणतेस?' हे सावत्र मुलीला विचारायचा मला कधी धीर झाला नाही. शेजारच्या कझाक जिबेकबाई तर हसतात, "आमच्यात आपा म्हणजे आजी! लग्न होताच म्हातारी झालीस की गं!"

निघताना पोरीने रोटीचा घास घेतला. ती परतेपर्यंत उरलेली रोटी आईने भिंतीवर टांगायची ही रीत, म्हणून तिच्या आत्याने हात पुढे केला. "आण इकडे. आई नाही तर आत्या तरी आहे ना!"

"तुमच्या भिंतीवर कशाला, आत्या? मी परत इथेच येणार," असं म्हणून तिने रोटी माझ्या हातात दिली. "उंच टांग हं, आपा. उंदीर फार झालेत."

 मी लगेच उंच खिळा ठोकून ती टांगली.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस ना?

भाऊ फौजेत होता तेव्हा त्याची रोटी तू दोन वर्षं बुरशी न लागू देता कशी राखलीस, ते उलटटपाली कळव. आमची भिंत दमट आहे.

तुझ्या दुआ मागणारी,
मोहिरा