दुर्री टाकायची नाही

मंगळवार, ४ मार्च

आज कॅसिनोत पत्त्यांच्या मशीनसमोर बसले, तर आईनं मला खुर्चीवरून उठवलं! "हे मशीन नाही, दरोडेखोर आहे. ऊठ, लिनेट."

मग मशीनच्या काचेवरचा बक्षिसांचा तक्ता वाचायला लावला. चार सारख्या पत्त्यांना पाचपट, पाच सारख्यांना पंधरापट, एका रंगातल्या सलग पाचांना नऊपट. हे तीन आकडे दिसले तरच बसायचं. एकही कमी असला तर पुढं चालायचं. मशीनं दिसायला जुळ्या बहिणींसारखी! या कॅसिनोत चांगली फक्त मागच्या कोपऱ्यात आहेत, नाश्त्याच्या काउंटरजवळ. परगावचे लोक तिथवर येतच नाहीत.

तेवीस वर्षं आई इथंच कमरेला नाण्यांचा पट्टा बांधून सुट्टे वाटत फिरली. जानेवारीत मेंदूला झटका आला. डावा हात जरा ओढतो, शब्द सटकतात. पण तक्ता? तोंडपाठ.

गुरुवार, ६ मार्च

भावाचा, ड्वाइटचा फोन. फीनिक्सला त्याच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी "फार छान जागा" आहे म्हणे. आईचं घर विकू म्हणाला. आईनं माझ्या हातून फोन ओढला. "सोळा तारखेला ये. मी मशीनवर खेळताना माझ्यामागं उभा राहा. एक पत्ता जरी चुकीचा टाकला तर घराची किल्ली तुझी. नाही टाकला तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." तो हसला. पण कबूल झाला.

मला रडू आलं. भीतीनं की अभिमानानं, कोण जाणे.

मंगळवार, ११ मार्च

आज माझी शिकवणी. पाच पत्ते येतात, हवे ते धरायचे, बाकीचे एकदाच बदलून मिळतात. चारही दुर्र्या हव्या त्या पत्त्याचं सोंग घेतात. म्हणून दुर्री कधी टाकायची नाही. कधीच नाही! बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, म्हणाली.

मी दोन जोड्या धरल्या. आईनं कपाळावर हात मारला. "दोन जोड्यांना इथं काही मिळत नाही गं! एक धर, दुसरी सोड." जीव तुटतो, पण सोडायची. एकटा एक्का आला तर तोही सोडायचा, पाचही नवे घ्यायचे. मला एक्का टाकवत नाही. इतका देखणा असतो.

शेजारच्या मशीनवर क्रिसांतो. आईच्या वेळचा, तिथल्याच स्वयंपाकघरात होता. नुसती कटकट! स्वतःचं मशीन सोडून हिच्याकडं बघतो. "व्हर्नाबाई, डोळे आहेत की बटणं? ती दुर्री काय पूजेला ठेवलीय? धर ना!"

"दिसतेय मला! तू तुझा भात सांभाळ."

"माझा भात कधी करपला नाही. तुझी कॉफी लोक अजून विसरले नाहीत."

आई खदाखदा हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा.

तरी मनात आलं, रविवारी हा नसला तर बरं.

रविवार, १६ मार्च

जिंकली! माझी आई जिंकली!

ड्वाइट इस्त्रीचा शर्ट घालून आला. फोनमध्ये कुठलासा तक्ता काढून प्रत्येक डाव ताडून बघत होता. आई सावकाश खेळली. घाई केली की पत्ते आपल्याला खेळवतात, म्हणते. क्रिसांतो होताच. तोंडाचा पट्टा चालू. "आता ही जोडी लोणच्यात घालणार का?" "राणी बघून भुललीस वाटतं!" ड्वाइट वैतागला. "साहेब, जरा गप्प बसाल का?" क्रिसांतो म्हणाला, "बाळ, चाळीस वर्षं बोलतोय, आज गप्प बसलो तर हिलाच झोप लागेल."

एकही चूक नाही. दीड तास! शेवटी आईनं ड्वाइटला बसवलं, आणि त्यानं पहिल्याच डावात दोन जोड्या धरल्या. आईनं नुसतं माझ्याकडं बघितलं. तो क्षण मला जन्मभर पुरेल.

निघताना तो आईला घट्ट बिलगला. "घर तुझंच," म्हणाला.

सोमवार, १७ मार्च

शेजारणीला सांगितलं. ऑफिसात सांगितलं. पेट्रोलपंपावरच्या बाईलासुद्धा! सगळ्यांना सांगावंसं वाटतं — ही माझी आई.

मंगळवार, २५ मार्च

क्रिसांतो आला नव्हता. पुतणीच्या बाळाच्या बारशाला सॅन डिएगोला गेलाय. त्याची खुर्ची मशीनला तिरकी टेकवलेली, कुणी बसू नये म्हणून. म्हटलं, चला, आज शांतता.

पाच पत्ते आले. इस्पिकची दुर्री, पहिलीच. आई बघत राहिली. मग काहीच न धरता तिनं बटण दाबलं. दुर्री गेली.

पुढच्या डावात पुन्हा दुर्री. पुन्हा हात नुसताच घुटमळला. ती हळूच वळली — माझ्याकडं नाही, त्या रिकाम्या खुर्चीकडं.

मी उठले. खुर्ची सरळ केली, बसले.

"व्हर्नाबाई," म्हटलं, "डोळे आहेत की बटणं?"

"दिसतेय मला!" आई म्हणाली, आणि दुर्री धरली.