पांढरं दिसलं ते हाड नव्हतं

तीर्थरूप आईस, दुरूनच पाया पडतो.

मागच्या पत्रात हाड जुळलं म्हणून कळवलं, ते चुकलं. घाबरू नकोस, पाय जागेवर आहे. एक्स-रे मीच खिडकीशी धरून बघितला होता. मोडलेल्या जागी पांढरंशुभ्र दिसलं, मला वाटलं भरलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "अरे शहाण्या, ती आम्ही बसवलेली स्टीलची पट्टी आहे. हाड तिच्यामागे लपलंय."

म्हणून काल सीटी स्कॅन केला. मशिनवाला म्हणाला, "हललास तर फोटो बिघडेल." मी अजिबात हललो नाही. तुला खरं वाटणार नाही.

कमरेतलं हाड काढून नडगीत भरलंय, ते एका बाजूनं धरलंय. दुसरीकडे अजून फट आहे. सहा आठवड्यांनी परत स्कॅन. तोवर भरली नाही तर पुन्हा कापाकापी. पण वय लहान आहे, धरेल म्हणतात.

मुकादम बरा आहे, बसून खिळे निवडायला देतो. दिवस संपता संपत नाही गं. जेवण पोटभर मिळतं. दादाचा खोकला गेला का? तुझे गुडघे कसे आहेत?

एक सांगायचं राहिलं. तो पांढरा फोटो बघून मी आनंदानं कुबडी टाकली आणि कामावरचा जिना चार दिवस चढलो-उतरलो. बाईंनी काल विचारलं, "पायावर भार दिलास का?" मी नाही म्हणालो. ती फट त्यानंच राहिली असेल का, हे आता त्यांना विचारता येत नाही. म्हणून तुला लिहिलं.

तुझा,
धाकटा