मावशी बोलेना

३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११

ताईच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकली. गेले कित्येक महिने निरोप येत होता की जुन्या सिस्टिमला आता कोणी वाली नाही. ताई म्हणायची, चालतंय ना, मग राहू दे. पण तिला दिसत नाही म्हणून तिने जन्मभर जुनाटच वापरायचं का? मग भाऊ कशाला आहे? ती मैत्रिणीकडे गेली तेवढ्यात काम उरकलं. जाता जाता कीबोर्डही साफ केला. काही बटणांवर वाळलेल्या डिंकाचे टिपके होते, ते नखाने खरवडून काढले. किती वर्षं कोणी पुसला नव्हता कोण जाणे.

दुपारी १

आवाज येत नाही. किरकोळ आहे.

दुपारी ४

ताईचं सगळं आवाजावर चालतं. पडद्यावर जे असेल ते एक प्रोग्राम बाईच्या आवाजात वाचून दाखवतो. ताई त्या बाईला मावशी म्हणते. मावशी गप्प. ताई दहा मिनिटं बटणं चाचपत बसली, मग म्हणाली, माझे टिपके कुठे गेले? ते तिनेच लावले होते म्हणे, खुणेसाठी. मी म्हटलं, लावून देतो परत, त्यात काय एवढं. उद्या ऑफिसातून परस्पर जातो. पंधरा मिनिटांचा खेळ.

४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात मला इंजिनिअर म्हणतात. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद माझ्याइतक्या सफाईने कोणाला काढता येत नाही. बढाई मारत नाही, आहे ते लिहिलं.

संध्याकाळी ताईकडे. सगळ्या वायरी काढल्या, फुंकर मारली, परत लावल्या. पडद्यावर आवाजाची पट्टी पार शंभरावर आहे. म्हणजे आवाज आहे, फक्त ऐकू येत नाही. हे ताईला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, तेवढीच माझीही तक्रार आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

टिपके लावले. ताईने सहा सांगितले होते, मी तिच्या सोयीसाठी अठरा लावले. ताई म्हणाली, सगळ्याच बटणांना खूण असली तर खूण कशाची? पटलं नाही, पण वाद घातला नाही. बारा टिपके तिने स्वतःच खरवडले.

आवाज नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

इंटरनेटवर उपाय सापडला. आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्राम, काढून टाकायचा आणि पुन्हा बसवायचा. काढण्याचा भाग यशस्वी झाला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला तर ड्रायव्हर आपला आपणच परत आला. आवाज तेवढा घेऊन आला नाही.

ताईचं काम अडलं आहे, हे खरं. ती बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयासाठी तपासणी करते. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, ताई ती ऐकते आणि कुठे शब्द चुकला, कुठे ओळ गाळली ते टिपून ठेवते. अकरा वर्षं झाली. ग्रंथालयाच्या बाई म्हणतात, तुमच्या कानाखालून गेल्याशिवाय आम्ही काही बाहेर सोडत नाही. सध्या एका जाडजूड पुस्तकाच्या फाइली येऊन पडल्या आहेत. ताईचा फोन साधा, नुसता बोलायचा. म्हणजे सगळी भिस्त या कॉम्प्युटरवर, पर्यायाने माझ्यावर.

बायको म्हणाली, रिपेअरवाल्याला दाखवा. घरात मी असताना?

९ नोव्हेंबर, शनिवार

नामी युक्ती. मावशी बोलत नाही तोवर मीच मावशी. ताईच्या आलेल्या मेल मोठ्याने वाचून दाखवल्या. माझा आवाज तसा भारदस्त आहे. ताई म्हणाली, वाच, पण मधे मधे मत देऊ नको, मावशी देत नाही. मग तिने मजकूर सांगितला आणि मी दोन मेल लिहिल्या. एका मैत्रिणीला स्वतःचा नमस्कारही घातला.

काम थांबलं असं आता कोणी म्हणू शकत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ग्रंथालयाच्या बाईंची मेल. पुस्तक वीस तारखेपर्यंत तपासून हवं. अडचण असेल तर अठराच्या आत कळवा, इथला एक कॉम्प्युटर पाठवून देऊ. काहीच कळलं नाही तर नाइलाजाने पुस्तक दुसऱ्यांकडे द्यावं लागेल.

मी वाचलं ते असं: पुस्तक लवकर हवं आहे, प्रकृतीची काळजी घ्या. ताईला उगाच घोर कशाला लावा? शनिवारी नवे स्पीकर जोडले की आवाज येणारच आहे. परका कॉम्प्युटर घरात आणून ठेवण्याची वेळ आलेली नाही.

ताईने विचारलं, मधे का थांबलास? म्हटलं, खोकला आला.

मग म्हणाली, बाईंना लिही की आवाज गेलाय, थोडा वेळ लागेल. लिहायला घेतलं. पण आवाज गेला म्हटलं की कसा गेला तेही ओघाने आलं. मजकूर जपून ठेवला आहे, शनिवारनंतर जरा हात फिरवून पाठवीन. ताईने विचारलं, झालं का? म्हटलं, झालं. लिहून झालंच होतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बायकोच्या भुणभुणीमुळे रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याला बिघाड काय, तो कशामुळे आणि कुठून सुरुवात करायची ते सविस्तर सांगितलं. तो स्क्रू पिळत ऐकत होता. शेवटी म्हणाला, साहेब, एवढं माहीत आहे तर माझ्याकडे कशाला आलात? तोंडाळ माणूस. मशीन आणून ठेवा, बघतो, असं पाठीमागून ओरडला. मी वळून पाहिलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नवे स्पीकर जोडले. तेही गप्प. याचा अर्थ जुने स्पीकर ठणठणीत होते. एक शंका कायमची मिटली.

सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत टेबलाखाली. मान धरली. बाहेर आलो तेव्हा ताई खिडकीशी बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ताईचे हात रिकामे मी कधी बघितले नव्हते. लहानपणीही ती काही ना काही चाचपत असायची. म्हणाली, दमलास, चहा टाकते. मी म्हटलं, उशीर झालाय, आणि निघालो. घरी जेवण गेलं नाही. मानेमुळे असेल.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज तिला तारखेचं सांगायचंच असा पक्का निश्चय करून गेलो. ताईने दारातच विचारलं, बाईंचं काही उत्तर? म्हटलं, नाही. खरंच नव्हतं. मी पाठवलंच नव्हतं तर उत्तर कुठून येणार? ताईने मान हलवली. मग आणखी एकदा सिस्टिम टाकावी असा विचार आला. टाकली. संध्याकाळ झाली. तारखेचं बोलायला निवांतपणा मिळाला नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसातून बाईंना फोन करायला घेतला होता. नंबर फिरवला. मग वरिष्ठांनी प्रिंटरसाठी हाक मारली. प्रिंटर महत्त्वाचा होता.

२० नोव्हेंबर, बुधवार

डोकं दुखत होतं. ताईकडे गेलो नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आवाज आला. मी आणला नाही.

बाई उत्तर कशा देत नाहीत, म्हणून ताईने सकाळी स्वतःच ग्रंथालयात फोन केला. बाई अजून यायच्या होत्या. फोन तिथल्या कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी घेतला. त्यांनाही दिसत नाही. ते तिकडून सांगत गेले, हे बटण दाबा, खाली चार वेळा, आता ते. आणि ताई इकडे दाबत गेली. पडद्यावर काय आहे ते दोघांपैकी कोणालाच दिसत नव्हतं. नऊ मिनिटं लागली. नवी सिस्टिम आवाज स्पीकरऐवजी पडद्याकडे पाठवत होती, आणि त्या पडद्याला स्पीकरच नाही. अठरा दिवस मी त्या पडद्यासमोर बसलो होतो.

मी पोचलो तेव्हा मावशी भराभरा बोलत होती. ताई तिला इतक्या वेगात ऐकते की मला एक शब्द लागत नव्हता. ताई म्हणाली, बस. मग तिने दोन बटणं दाबून मावशीचा वेग कमी केला. माझ्यासाठी. मावशीने बारा तारखेची मेल वाचली. वीस तारीख, अठराच्या आत, कॉम्प्युटर पाठवून देऊ, सगळं. एकाच सुरात, न थांबता. मग आज सकाळची: तुमच्याकडून काही कळलं नाही म्हणून पुस्तक काल दुसऱ्यांकडे दिलं, ते आता पुढची पुस्तकंही बघतील, तुमची गरज लागली तर कळवू.

ताईने हे दोनदा लावलं. मी म्हटलं, तुला ताण नको म्हणून मी. ताई म्हणाली, अकरा वर्षं मी गाळलेल्या ओळी पकडते. तुझी पण पकडली होती. पण मीच मनाला म्हटलं, माझा भाऊ आहे, खोकलाच आला असेल.

ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाईंना मीच मेल लिहितो म्हटलं, चूक माझी आहे असं स्पष्ट लिहितो. ताई म्हणाली, मेल ऐकल्यावर मी बाईंना परत फोन केलाय. तू नको.

२४ नोव्हेंबर, रविवार

ताईने दोघांना जेवायला बोलावलं होतं. जाताना रस्त्यात ठरवलं, आज माफी मागायची. वाक्यं जुळवली. ती चांगली जुळली होती, बायकोला म्हणूनही दाखवली. ती म्हणाली, एवढी लांब कशाला, दोन शब्द पुरतात.

जेवताना ताई बायकोशीच बोलत होती. ग्रंथालयाने सध्या मुलांचं एक छोटं पुस्तक दिलंय, बत्तीस पानांचं. बघू, म्हणाली. मी घसा साफ केला. ताई थांबली, माझ्याकडे तोंड करून वाट बघत राहिली. मी म्हटलं, कीबोर्डचा एक टिपका सुटल्यासारखा वाटतो, बघून देऊ का?

ताई म्हणाली, नको. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली की जेवायला येत जा, दर रविवारी ये, पण कॉम्प्युटरच्या खोलीत आता जायचं नाही.

हो म्हटलं. भात वाढून घेतला. बायको ताटाकडे बघत होती.

माफी मागायची राहून गेली.