चुनखडीची धूळ

१४ जानेवारी १९४६
धूर गेला! काथ्या पेटवून काचेच्या नळकांड्यात दाट धूर कोंडला होता. मधोमध बारीक तार, एका बाजूला पत्र्याची पट्टी. शाळेच्या जुन्या वीजयंत्राची दोन टोकं त्या दोघांना जोडली आणि मूठ फिरवली. चारपाच श्वासांत नळकांडं स्वच्छ — पलीकडची खिडकी दिसायला लागली. वर्गातल्या मुली बाकांवरून उठून पुढे आल्या. अकरा वर्षं विज्ञान शिकवते, पण असं हातून कधी झालं नव्हतं.

१६ जानेवारी
आज तीनदा केलं. कारण कळतं, तरी नवल ओसरत नाही. तारेजवळची हवा विजेनं भारते, तो भार धुळीच्या कणावर बसतो, आणि समोरची पट्टी कणाला ओढून घेते. चाळण नाही, वारा नाही. डोळ्याला न दिसणाऱ्या कणाला हाक मारावी आणि त्यानं यावं!

२० जानेवारी, रविवार
सत्यवानदादाला शाळेत नेलं. नऊ वर्षं तो केडगावला चुनखडी दळायच्या चक्कीवर आहे. संध्याकाळी पांढरा होऊन घरी येतो. खोकल्याचं विचारलं की म्हणतो, "थंडीचा हाय."

पट्टी काजळीनं काळी केली होती. त्याचं उपरणं नळकांड्यावर झाडायला लावलं, मूठही त्यालाच फिरवू दिली. आत तरंगणारी भुकटी सरकत गेली. पट्टी पांढरी!

त्यानं पट्टीवरून बोट फिरवलं. बोट उजेडात धरलं.

"लिडे, ही उपरण्यातली. आन छातीत गेलेली?"



२३ जानेवारी
दादानं चक्कीवर सगळ्यांना सांगितलं. मालक हसला म्हणे — "धूळ कुठं दिसती? हवाच हाय ती." दादा म्हणाला, "मंग यंत्रच आनून दावतो."

२५ जानेवारी
मोठ्या बाईंनी बोलावलं. चक्कीचा मालक त्यांना भेटून गेला होता. यंत्र शाळेबाहेर न्यायचं नाही. नेलं तर नोकरी जाईल.

२७ जानेवारी, रविवार
देवळातली उपासना आटोपून आले तर अंगणात चक्कीवरची चौदा माणसं. पुढे बायडाबाई, भुकटी चाळणारी.

"बाई, मालकाच्या म्होरं फिरवा एकदा. आमी समदे हुबं ऱ्हातो."

शाळेतून यंत्र आणून टांग्यात ठेवलं आहे. केडगावला निघते.