आप्पांची म्हैस

कुंभार पिंपळगाव,
शुक्रवार, ५ फेब्रुवारी १९९९

प्रिय धर्मादादा,

तुला आणि पुष्पावहिनीला वाकून नमस्कार, पोरांना गोड पापा. आई बरी आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. ज्वारी काढणीला आली आहे आणि पाखरं फार झालीत. आप्पांच्या पायाची सूज उतरली. प्लास्टरच्या आत खाज सुटते म्हणून ते मोरपिसाची काडी आत घालून खाजवतात. आई रागावते.

अक्षर बघून तुला वाटेल आप्पांचंच पत्र. पण हे त्यांचं नाही. इतकी वर्षं ते ओसरीवर बसून सांगतात आणि मी लिहिते. "धर्माला लिही, बरं हाय," एवढंच ते म्हणतात आणि मी त्याच्या चार ओळी करते. हे मात्र त्यांना न सांगता लिहिते आहे. गावातला वसंता उद्या पहिल्या गाडीने जालन्याला कामावर परत येतोय, त्याच्या हाती देईन. एसटीडीवरून सांगता आलं असतं, पण तिथे मागे माणसं उभी असतात आणि हे मला उभ्याने सांगता येणार नाही.

तुझी चिठ्ठी मी आप्पांना वाचून दाखवली. रविवारी तू टेम्पो घेऊन येणार, आप्पांना कायमचं जालन्याला नेणार, बैलजोडी विकायची आणि रान बटईने कसायला द्यायचं. आप्पा म्हणाले, "त्याचं बराबर हाय. चक्करचा मानूस एकला कसा ठिवावा." मग बराच वेळ गोठ्याकडे बघत बसले. बैलांनी वैरण संपवली तरी आणखी टाका म्हणाले नाहीत.

दादा, रविवारच्या आधी तुला एक गोष्ट कळायला पाहिजे. ती सांगायची तर सायकलीपासून सांगावं लागेल.

ती सायकल तुला आठवतच असेल. जाड टायरची, म्हशीच्या शिंगांसारखं रुंद हँडल असलेली, म्हणून सगळं गाव तिला म्हैस म्हणायचं. मिशनच्या दवाखान्यातली गोरी नर्स आपल्या देशी परत जाताना आप्पांना देऊन गेली आणि आप्पा जालन्याहून इथपर्यंत तिच्यावर बसून आले, हे तू माझ्याहून जास्त वेळा ऐकलं असशील. माझे वडील, म्हणजे आप्पांचे भाऊ, गेल्यावर मला शाळेत घालायला सगळ्यांचा विरोध होता. आप्पा मला तिच्या कॅरेजवर बसवून रोज शाळेत सोडायचे. "पोरीचं वझं म्हशीला हाय, तुमाला काय," असं म्हणायचे. पुढे टायर फाटले, तसले मिळेनात, आणि म्हैस कडब्याच्या आड गेली.

शाळेत नोकरी लागली तेव्हापासून मनात होतं की ती नीट करून आप्पांना द्यायची. आता पोरांच्या जाड चाकांच्या सायकली निघाल्यात. त्यांचा टायर मापाला बरोबर बसतो हे कळलं आणि मी नाताळच्या सुट्टीत ती बाहेर काढली. आप्पांना कळू द्यायचं नव्हतं. भंगारात देते म्हणून सायकली दुरुस्त करणाऱ्या सलीमच्या दुकानावर नेली. रोज शाळा सुटली की तिथे बसून मी काचकागदाने घासायचे. वरचा काळा रंग आप्पांनी दिलेला. त्याच्याखाली हिरवा निघाला आणि सगळ्यात खाली दुधाच्या सायीसारखा. पुढच्या नळीवर बिल्ला नव्हता, नुसती भोकं होती. कुठल्या कंपनीची, काही कळेना. मग शाळेच्या कपाटात एका जुन्या इंग्रजी मासिकात अगदी तशी सायकल सापडली. तिच्यावर एक मुलगा बसला होता आणि खाली लिहिलं होतं, क्रूझर. मला एवढा आनंद झाला की मी ते चित्र सलीमला दाखवलं, आईला दाखवलं, शाळेतल्या बाईंना दाखवलं. मी ओळखलं, असं सगळ्यांना सांगत सुटले.

त्या चित्रातही हँडलला ब्रेक नव्हते. ते मी पाहिलं होतं, दादा. चित्र काढणाऱ्याने सोडून दिले असतील, असं मी ठरवलं. आपल्याकडे निम्म्या सायकली बिनब्रेकच्या, माणसं चप्पल घासून थांबतात. म्हशीचे ब्रेकही कधीतरी गळून पडले असतील असं मला वाटलं. सलीम म्हणाला, या हँडलला देशी ब्रेक बसत नाहीत, पुढे बघू. मी बरं म्हटलं.

मग मागच्या चाकाचं निघालं.

सलीम म्हणाला, "ताई, पायडल उलटं फिरत न्हाई. मागं दाबलं की गच्च बसतंय. जाम झालं का आतमधी काय दुसरंच हाय, समजून न्हाई राह्यलं. अब्बा माझ्या भैनीकडं, फरजानाकडं, परतूरला गेलेत. आले की दाखवू."

"कधी येतील?"

"संक्रांत झाली की."

मला संक्रांतीलाच सायकल द्यायची होती. मी म्हटलं, "इतकी वर्षं कडब्यात पडली आहे, जामच झाली असणार. तो भाग काढून नवीन फ्रीव्हील घाल." तो अजून घुटमळत होता. मी म्हटलं, "सलीम, मी चित्र पाहिलंय."

तू तिच्यावरच सायकल शिकलास. तुला एक ओळ लिहिली असती तर तू एका ओळीत सांगितलं असतंस. आप्पांना विचारलं असतं तर हसून सांगितलं असतं. पण मला सगळ्यांना चकित करायचं होतं.

संक्रांतीला दारात सायकल उभी केली, हळदकुंकू लावलं, हँडलवर तिळगुळाची पुडी बांधली. आप्पा गोठ्यातून आले आणि थबकले. सायीचा नवा रंग त्यांनी बोटाने चाचपला. "नर्सबाईनं दिली तव्हा अशीच व्हती," एवढंच म्हणाले. कडूबा शेजारून ओरडला, "आप्पा, बसायच्या आधी बघा, म्हैस भाकड तर झाली न्हाई?" आप्पा धोतर खोचत म्हणाले, "भाकड असंल, पन लाथ मारीत न्हाई." सगळे हसले. मीही.

आप्पा सायकलवर बसून निघाले. जांबच्या रस्त्याला ओढ्याचा उतार लागतो तिथे मी वर उभी होते. खालून उसाची बैलगाडी चढत होती. आप्पांचे पाय थांबले, मग दोन्ही पाय मागे गेले. पायडलं उलटी फिरली आणि सायकल आणखीच पळाली. मला वाटलं आप्पा लहान मुलासारखी गंमत करतायत. मी टाळी वाजवली, दादा. त्यांनी पाय खाली टेकायचा प्रयत्न केला, पण त्या वेगात काय टेकतो. गाडीला चुकवायला त्यांनी हँडल फिरवलं आणि ते दगडांत गेले.

मी धावत पोचले तेव्हा ते उताणे पडले होते. त्यांनी आधी मागच्या चाकाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. मग म्हणाले, "चक्कर आली ग."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसे पडले? सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण अशा ठिकाणी बोलायचं काम माझं. मी चक्कर आली म्हणून सांगितलं. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. तेवढी एकच गोष्ट मला माझ्या बाजूने सांगता येते.

नंतर एका दुपारी शाळेतून आले. आप्पा बाजेवर झोपले होते आणि त्यांचा धड पाय हलत होता. टाच मागे दाबायची, सुटायची, पुन्हा दाबायची. कपाळाला घाम. मी तिथेच उभी राहिले. मग गोठ्यात जाऊन म्हशीचं मागचं चाक उचललं आणि पायडल उलटं फिरवलं. ते नुसतं फिरत राहिलं.

तेव्हा मला कॅरेजवरून दिसायचं ते आठवलं. शाळा जवळ आली की सायकल थांबण्याआधी आप्पांची पाठ जराशी वर उचलली जायची. इतकी वर्षं मी ती पाठ पाहिली आणि पाय कधी पाहिले नाहीत. जाम झालेलं काहीच नव्हतं. तोच तिचा ब्रेक होता आणि तो मी काढून टाकला.

आप्पा जागे झाल्यावर विचारलं, "आप्पा, म्हैस थांबायची कशी?"

"थांबायची आपली. जनावर शानं असलं की थांबतंय."

"पाय मागं दाबून ना?"

त्यांनी पांघरूण प्लास्टरवर ओढून घेतलं. मग म्हणाले, "हे बघ, म्हाताऱ्या मानसाला चक्कर येतीच. तिला कोन नावं ठिवीत न्हाई. पन तुझं कळलं तर गाव म्हनंल, शिकवली अन् तिनं चुलत्यालाच पाडलं. उद्या कोन्या पोरीला शाळंत घालायचं निघालं की तुझंच नाव काढतेन. तू चूप बैस."

मी गप्प बसले. मला बरं वाटलं, दादा. हे लिहायची लाज वाटते, पण त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी तुला पत्र सांगितलं. त्यांचे शब्द असे होते: "लिही, संक्रांतीला जरा चक्कर आल्ती, पाय मोडला, आता बरं हाय, घाई करून यायचं काम न्हाई." एवढेच.

तू वाचलंस ते एवढंच नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारी आली, हे मी घातलं. आणि "याआधीही दोनदा असं झालं होतं, पण त्यांनी कोणाला सांगितलं नाही," ही ओळही माझी आहे. एका चक्करेवर तुझा विश्वास बसणार नाही, तू सायकलीचं विचारशील, अशी मला भीती वाटली. आप्पांना परत वाचून दाखवताना त्या दोन ओळी मी गाळल्या. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली.

तुझ्या चिठ्ठीत ती दोनदाची ओळ जशीच्या तशी परत आली. ती वाचतानाही मी गाळली. पण तिच्यावरूनच तू माझं पत्र तिकडच्या डॉक्टरांना दाखवलंस, तिच्यावरूनच गोळ्या धाडल्यास आणि तिच्यावरूनच टेम्पो ठरवलास. आप्पांना कधीही आधी चक्कर आली नव्हती. संक्रांतीलाही आली नाही.

गोळ्या मीच त्यांच्या तळहातावर ठेवते, सकाळी आणि संध्याकाळी. ते म्हणतात, "धर्मानं धाडल्यात, घ्यावंच लागंल," आणि पाण्याबरोबर गिळतात. न घेतल्या तर माझं बिंग फुटेल म्हणून घेतात, हे मला कळतं आणि मी तांब्या धरून उभी असते. त्यांना दिवसभर गुंगी असते. काल कालवडीला हात लावायला काठी घेऊन उठले आणि खांबाला धरून डोळे मिटून उभे राहिले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काई न्हाई, जरा चक्कर." या वेळी ते खोटं बोलत नव्हते.

म्हणून लिहायला बसले.

आज सकाळी गोळी दिली नाही. आप्पांनी हात पुढे केला होता. मी नुसतं पाणी दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या तोंडाला लावला. तू मात्र डॉक्टरांना खरं सांगून, गोळ्या बंद कराव्यात का ते विचार. मी आणखी एक गोष्ट माझ्या मनाने ठरवू नये.

सलीमने काढलेला भाग भंगाराच्या डब्यात तसाच टाकलेला होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी बी हट्ट धरायला पायजे होता ताई." मी म्हटलं, तू विचारलं होतंस, मीच ऐकलं नाही. तो भाग उघडून रॉकेलमध्ये धुतला, होता तसा परत बसवला, त्याची पट्टी फ्रेमला आवळली. मी स्वतः बसून पाहिलं. टाच मागे दाबली की म्हैस जागच्या जागी उभी राहते. आता ती गोठ्यात आहे. आप्पांनी अजून तिच्याकडे पाहिलेलं नाही आणि मी दाखवलेली नाही.

तू रविवारी येच. आप्पांना न्यायचं का नाही, ते तुझं आणि त्यांचं आहे. त्यांना नेलंस तर आई आणि मी या घरात दोघीच उरू, म्हणून मी हे लिहिते आहे का, असं मी स्वतःला पुन्हापुन्हा विचारलं. नाही असं वाटतं, पण माझ्या वाटण्यावर आता फार विसंबू नकोस. माझ्या दोन ओळींवरून त्यांचे बैल जाऊ नयेत, एवढंच मागते. पाय जुळेपर्यंत आई आहे, मी आहे, कडूबा वैरण टाकतो. पाय जुळल्यावर ते पूर्वीसारखेच चालतील.

गावात कळेल ते कळू दे. तू आलास की ओसरीवर बसून, आप्पांच्या देखत, आईच्या आणि कडूबाच्या देखत मी हेच सांगणार आहे. आप्पा मला गप्प करतील. तू करू देऊ नकोस. तुला आधी लिहिलं ते एवढ्यासाठी की तिथे मला पुन्हा काही गाळता येऊ नये.

आजवरच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी मी आप्पांचे अनेक आशीर्वाद असं लिहीत आले. बहुतेक वेळा ते त्यांनी सांगितलेलं नसायचं, मीच सवयीने लिहायचे. या पत्राखाली ते लिहिलेलं नाही.

तुझी लहान बहीण,
बेबीनंदा